गोचिडाचा ताप मेणाच्या ब्लॉकमधून कसा शोधायचा: ठाणे-नवी मुंबईच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईत तापाच्या रुग्णाची फाइल ठरलेल्या क्रमाने जाड होत जाते. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड. चारही निगेटिव्ह येतात, प्लेटलेट उतरलेल्या असतात, यकृताची एन्झाइम्स चढलेली असतात, अंगावर पुरळ उठलेलं असतं. मग कुणीतरी त्वचेचा छोटा तुकडा काढून पॅथॉलॉजीकडे पाठवतं आणि फॉर्मवर लिहितं, ‘व्हॅस्क्युलायटिस?’, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह आहे का. येऊरच्या पाड्यांवरून, घोडबंदर रोडवरच्या जंगलाला टेकलेल्या सोसायट्यांतून, पारसिक आणि खारघरच्या डोंगरउतारांवरच्या वस्त्यांतून असा नमुना आला, की गोचिडाचा विचार मनात यायलाच हवा. कुत्रे, म्हशी आणि माणसं जवळजवळ राहतात तिथे तर हमखास.

हा लेख पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी, हिस्टोपॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञांसाठी आणि मॉलिक्युलर विभागात नुकतेच आलेल्यांसाठी आहे. फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या तुकड्यातून, म्हणजे आपल्या रोजच्या ब्लॉकमधून, गोचिडाने दिलेल्या जिवाणूचा माग कसा काढायचा ते यात सांगतो. माझं ठाम मत आहे की या तपासणीचा निकाल पीसीआर मशीनपाशी, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणाऱ्या यंत्रापाशी, फार थोडा ठरतो. तुकडा कुठून काढला, बाटलीत कोणतं फॉर्मेलिन होतं, ब्लॉक कोणता निवडला आणि ब्लेड बदललं की नाही, यांवर तो आधीच ठरून गेलेला असतो. म्हणून या लेखात मशीनपेक्षा बाटलीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

उपचार ब्लॉकसाठी थांबत नाही

ही गोष्ट सगळ्यात आधी. रिकेट्सियाची, म्हणजे गोचिडाने दिलेल्या या जिवाणूंची, शंका आली की डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करायचं, रिपोर्ट नंतर येईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर, म्हणजे अमेरिकेतला गोचिडाचा रिकेट्सिया ताप, याच्या रुग्णांमध्ये आजाराच्या पाचव्या दिवसानंतर औषध सुरू झालं तर मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसलं आहे. ब्लॉक तयार व्हायलाच एक-दोन दिवस जातात, पुढची तपासणी बाहेर पाठवली तर आठवडेही लागतात. त्यामुळे ‘बायोप्सीचा रिपोर्ट आला की बघू’ असं वाक्य फोनवर ऐकू आलं, तर नवखे असलात तरी आपल्या सिनियरना तिथल्या तिथे सांगा. त्यांना डॉक्टरांशी बोलता येईल.

मग ब्लॉक कशासाठी? कारण रक्तातल्या अँटिबॉडी साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. पहिल्या आठवड्यात रुग्ण दगावला तर रक्ततपासणी हात टेकते आणि उरतं ते फक्त ऊतक. गेलेल्या माणसाच्या ब्लॉकमधून मिळालेलं उत्तर घरातल्या बाकीच्या मुलांसाठी असतं. त्याच अंगणात, त्याच कुत्र्याच्या अंगावर तेच गोचीड अजून असतात.

आपण नेमकं काय शोधतोय

‘गोचिडाचा ताप’ या एका नावाखाली बरंच काही येतं. आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा गट स्पॉटेड फीव्हरचा. त्यातला इंडियन टिक टायफस हा रिकेट्सिया कोनोरायमुळे होतो आणि कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड त्याचा मुख्य वाहक. हे जिवाणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतात. म्हणून पुरळ, सूज, रक्तस्राव आणि गंभीर रुग्णांत बोटं काळी पडणं, हे सगळं एकाच कारणातून येतं. एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा हे गोचिडातून येणारे दुसरे जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतात. त्यांच्यासाठी त्वचेपेक्षा रक्त, अस्थिमज्जा, प्लीहा, यकृत उपयोगी. ‘आमच्या कुत्र्याला टिक फीव्हर झाला होता’ असं घरचे सांगतात तेव्हा तो बहुधा एर्लिकिया कॅनिस असतो. ही माहिती मोलाची आहे, कारण घरात गोचीड होते हे तिच्यातून कळतं. पण कुत्र्याला झालं तेच माणसाला झालं असं मात्र धरू नका.

स्क्रब टायफस गोचिडाचा नव्हे. तो ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशीमुळे होतो आणि चिगर माइटच्या अळ्या तो देतात. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. पेशंट समोर असताना हे दोन आजार वेगळे काढणं अवघड असतं, म्हणून ब्लॉकवर दोन्हींची तपासणी मागवावी. उलट सिंधुदुर्गात २०१६ मध्ये दिसलेला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज गोचिडाचाच, पण तो विषाणूचा. जिवाणूंच्या प्रायमरना, म्हणजे पीसीआरमध्ये त्यांचा डीएनए हेरणाऱ्या छोट्या तुकड्यांना, तो कधीच सापडणार नाही. रुग्ण तळकोकणात गावी जाऊन आला असेल तर ही शक्यता वेगळी कळवा.

तुकडा कुठून घ्यायचा

बायोप्सी आपण घेत नाही, पण कुठून घ्यायची हे विचारायला वॉर्डातून फोन येतो. उत्तर तयार असावं.

काळी खपली, म्हणजे एस्कार, सापडली तर तीच पहिली पसंती. ती काखेत, जांघेत, कानामागे, केसांत, स्तनाखाली, कंबरेच्या नाडीच्या रेषेत लपते. रुग्णाला ती दुखत नाही, त्यामुळे तो सांगतही नाही. खपलीच्या अगदी मध्यावर मेलेलं ऊतक असतं. पंच, म्हणजे बायोप्सीचं गोल पातं, कडेवर असा ठेवायचा की खपलीची कड आणि तिच्या शेजारची लाल, जिवंत त्वचा दोन्ही येतील. एस्कार नसेल तर ताजा, रक्ताळलेला ठिपका निवडून त्याच्या मध्यातून ३ ते ४ मिलिमीटरचा पंच. पुरळच नसेल तर चांगल्या त्वचेत भोक पाडून काहीही मिळणार नाही.

औषधाच्या आधी किंवा पहिल्या २४ ते ४८ तासांत घेतलेल्या तुकड्यात जिवाणू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्यासाठी औषध मात्र रोखायचं नाही, पंच लवकर मारायचा.

एक आग्रहाची विनंती डॉक्टरांना करा. शक्य असेल तर दोन तुकडे घ्या, एक फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा कोरा. कोरा तुकडा सलाइनने ओलावलेल्या निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून, निर्जंतुक डबीत, थंड पेटीतून लगेच पोचवायचा आणि पुढे उणे ७० किंवा ८० अंशांवर ठेवायचा. खपली आपोआप सुटून आली असेल तर तीही अशीच जपा. ताज्या ऊतकातला डीएनए फॉर्मेलिनमधल्यापेक्षा केव्हाही सरस. फक्त लक्षात ठेवा, कोऱ्या तुकड्यात जिवाणू जिवंत असू शकतात. तो बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायचा.

फॉर्मेलिनची बाटली

हवं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन. आपल्या भागातल्या कितीतरी लहान नर्सिंग होममध्ये मोठ्या कॅनमधलं फॉर्मेलिन नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळून, इंजेक्शनच्या रिकाम्या व्हायलमध्ये भरून ठेवलेलं असतं. बफर नसलेलं फॉर्मेलिन हळूहळू आम्ल होतं. आम्लामुळे डीएनएचे तुकडे पडतात आणि सेक्शनवर, म्हणजे ब्लॉकच्या पातळ कापावर, काळपट तपकिरी रंगाचे दाणे साठतात. नवख्या डोळ्यांना तेच दाणे जिवाणू वाटू शकतात. त्यावर उपाय सोपा आहे. भरलेल्या, तारीख लिहिलेल्या बाटल्या लॅबनेच वॉर्डात आणि नर्सिंग होममध्ये पोचवायच्या.

फॉर्मेलिनचं प्रमाण तुकड्याच्या निदान दहापट. पंच बायोप्सीला ६ ते २४ तास पुरतात. शनिवारी दुपारी कळव्याच्या दवाखान्यात काढलेला तुकडा सोमवारी संध्याकाळी ऐरोलीच्या लॅबमध्ये पोचला, तर त्याने फॉर्मेलिनमध्ये दोन दिवसांहून जास्त काढलेले असतात. सण आणि जोडून सुट्टी आली की चार दिवस. फॉर्मेलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना बांधून टाकतं, आणि जितके दिवस जास्त तितक्या त्या गाठी घट्ट. प्रोसेसिंगला उशीर होणार हे दिसत असेल तर तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. बूआँ द्रावणात पिक्रिक अ‍ॅसिड असतं, या कामाला ते चालत नाही. हाडाचा तुकडा आम्लाने मऊ केला असेल तर त्यातून पीसीआरची आशा फार ठेवू नका. मज्जेचा क्लॉट वेगळा बसवलेला असेल तर तो वापरा.

म्हणून रिक्विझिशन फॉर्मवर या गोष्टी हव्यातच: तापाचा कितवा दिवस, पुरळ कधी आलं, डॉक्सिसायक्लिनचे किती डोस झाले, तुकडा किती वाजता फॉर्मेलिनमध्ये टाकला, घरी किंवा आसपास कुत्री, गुरं, जंगल, गवत. फॉर्म कोरा आला तर नर्सिंग स्टेशनला फोन करा. या फोनमधून पुढच्या सगळ्या रिपोर्टचा अर्थ लागतो.

आधी साधी स्लाइड नीट बघा

मॉलिक्युलरचं नाव निघालं की स्लाइड बाजूला पडते, आणि ते मला मनापासून खटकतं. कोणता ब्लॉक कापायचा आणि ब्लॉकमध्ये काही आहे की नाही, हे हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाइडच सांगते.

लो पॉवरवर त्वचेचा वरचा थर ओलांडून डर्मिसमध्ये, म्हणजे त्याखालच्या थरात, या आणि एखादी छोटी रक्तवाहिनी हाय पॉवरखाली घ्या. निरोगी वाहिनीचं अस्तर चपटं, जेमतेम दिसणारं असतं. इथे त्या पेशी फुगून आतल्या पोकळीत झुकलेल्या दिसतात, पोकळी चिंचोळी होते. वाहिनीभोवती लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजचं कडं बसलेलं असतं. कोलॅजेनच्या गुलाबी धाग्यांमध्ये तांबड्या पेशी सांडलेल्या. कुठे एखाद्या वाहिनीत फायब्रिनची गुठळी. न्यूट्रोफिल आणि केंद्रकांची धूळ जास्त दिसली म्हणून रिकेट्सिया बाद करू नका. त्वचेतल्या रिकेट्सियाच्या जखमेत तेही दिसू शकतं.

जिवाणू मात्र या स्लाइडवर दिसणार नाहीत. ग्रॅमनेही ऊतकात ते नीट रंगत नाहीत. गिम्सा आणि गिमेनेझ या रंगांनी दिसू शकतात, पण त्यासाठी सरावलेली नजर लागते आणि तेवढ्यावर निदान करू नये. वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींत हे जीव आहेत हे वॉल्बाख यांनी १९१९ मध्येच रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरच्या ऊतकांत दाखवलं होतं, पण त्या काळची चिकाटी आणि रंगवण्याचं ते कसब आज फार थोड्या लॅबमध्ये उरलं आहे.

वाहिन्यांची इजा ठिपक्याठिपक्यांनी असते. पहिल्या सेक्शनमध्ये काही नाही म्हणून ब्लॉक बंद करू नका, आणखी खोल सेक्शन घ्या. शवविच्छेदनातले ब्लॉक असतील तर त्वचा, फुप्फुस, हृदय, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू अशा सगळ्यांच्या स्लाइड काढून बसा आणि ज्यात वाहिन्या सगळ्यात जास्त दुखावलेल्या दिसतात असे दोन-तीन ब्लॉक निवडा.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री

या तंत्रात अँटिबॉडी ऊतकातल्या जिवाणूला चिकटते आणि ती जागा रंगाने दिसते. स्पॉटेड फीव्हर गटाविरुद्धची अँटिबॉडी मोजक्याच संदर्भ प्रयोगशाळांकडे असते. मिळाली तर हे तंत्र फार मोलाचं, कारण जिवाणू आणि इजा एकाच जागी डोळ्यांना दिसतात. त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरच्या त्वचेच्या बायोप्सीत त्याची संवेदनशीलता ७० टक्क्यांच्या आसपास धरली जाते, म्हणजे बऱ्याच खऱ्या रुग्णांत ते निगेटिव्ह येतं. शिवाय ते गट सांगतं, प्रजाती सांगत नाही.

रंगाबद्दल एक सूचना. नेहमीचा तपकिरी डीएबी इथे टाळावा. आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, त्यात सांडलेल्या रक्ताचं हिमोसिडेरिन, आणि दोन्ही तपकिरीच. लाल रंग देणारा क्रोमोजेन घेतला तर वाहिनीच्या भिंतीतले बारीक लाल दाणे उठून दिसतात. लाल ठिपका अस्तराच्या पेशीत किंवा वाहिनीच्या भिंतीत असेल तरच धरा. केराटिनच्या थरात, घामाच्या ग्रंथीत किंवा सेक्शनच्या दुमडलेल्या कडेवर असेल तर सोडून द्या.

पीसीआरसाठी ब्लॉक कापणं

नवख्यांचं लक्ष इथे सगळ्यात जास्त हवं. दिवसभर ज्या मायक्रोटोमवर, म्हणजे सेक्शन कापायच्या यंत्रावर, पन्नास ब्लॉक कापले गेले त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात मेणाचा भुगा असतो, आणि आपल्याला हवा असलेला डीएनए कणभरच.

पीसीआरचे ब्लॉक सकाळी, पहिल्यांदा कापा. मायक्रोटोम, ब्लेड होल्डर, ब्रश, फोर्सेप्स पुसून घ्या. ग्लोव्हज नवे, ब्लेड नवं, आणि प्रत्येक ब्लॉकला पुन्हा नवं. ब्लेडची किंमत वाचवण्याची जागा ही नव्हे. आधी एक कोरा मेणाचा ब्लॉक कापा. त्यात ऊतक नसतं, तोच तुमचा कापण्याचा कंट्रोल. त्याच्या गुंडाळ्या, म्हणजे कापताना वळत येणारे काप, वेगळ्या ट्यूबमध्ये घालून शेवटपर्यंत रुग्णाच्या नमुन्याबरोबर न्यायच्या. मग रुग्णाचा ब्लॉक लावा. वरचे दोन-तीन सेक्शन फेकून द्या, तो पृष्ठभाग हवेला आणि हातांना लागलेला असतो. नंतर ५ ते १० मायक्रॉन जाडीच्या काही गुंडाळ्या निर्जंतुक फोर्सेप्सने सरळ दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये. वॉटर बाथमध्ये सोडायच्या नाहीत. त्या पाण्यावर इतर रुग्णांच्या ऊतकाचे कण तरंगत असतात आणि पाण्यातले स्वतःचे जिवाणूही. पंच बायोप्सी इवलीशी असते, तेव्हा दोन-चार गुंडाळ्या जास्त घ्या, पण ब्लॉक संपवू नका. सगळं कापून झाल्यावर एक शेवटचा सेक्शन रंगवून बघा, म्हणजे ट्यूबमध्ये गेलं ते ऊतकच होतं, नुसतं मेण नव्हतं, याची खात्री होते.

ब्लॉक बाहेर, समजा पुण्याला, पाठवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये कोल्ड पॅक घालून पाठवा. उन्हात उभ्या गाडीत मेण मऊ पडतं. पावसाळ्यात न रंगवलेल्या स्लाइडना बुरशी धरते, त्या कोरड्या डब्यात ठेवा आणि लवकर रवाना करा.

डीएनए आणि पीसीआर

किटसोबत आलेल्या सूचनाच पाळा. त्यामागचं कारण समजलं की चुका कमी होतात, म्हणून थोडक्यात सांगतो. झायलीनने मेण काढायचं, अल्कोहोलने झायलीन धुवायचं, आणि अल्कोहोल पूर्ण उडू द्यायचं. मग प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर तुकडा पूर्ण विरघळेपर्यंत ठेवायचं. गढूळ दिसत असेल तर विरघळलेला नाही, आणखी वेळ द्या. त्यानंतर ९० अंशांवर साधारण तासभर, फॉर्मेलिनने बांधलेल्या गाठी सुटाव्यात म्हणून. शेवटी कॉलममधून डीएनए कमीत कमी द्रावणात उतरवायचा.

फॉर्मेलिनमधला डीएनए तुटलेला असतो, त्यामुळे प्रायमर असे निवडा की गुणित होणारा भाग शक्यतो १५० ते २०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आत राहील. ताज्या रक्तावर उत्तम चालणारी, ५०० बेसचा भाग मागणारी पीसीआर ब्लॉकवर निगेटिव्ह येते आणि दोष आजारावर जातो. रिकेट्सियासाठी सायट्रेट सिंथेज आणि १७ किलोडाल्टन प्रथिनाची जनुकं नेहमीची. बाह्यपटल प्रथिन ‘ए’चं जनुक स्पॉटेड फीव्हर गटासाठी, टायफस गटात ते नसतं. ओरिएन्शियासाठी ५६ किंवा ४७ किलोडाल्टनची वेगळी जनुकं लागतात. ‘रिकेट्सिया पीसीआर निगेटिव्ह’ म्हणजे स्क्रब टायफस बघितला गेला, असा गैरसमज वॉर्डात सर्रास असतो. सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या बेसचा क्रम वाचणं, त्वचेवर शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. त्वचेवरचे नेहमीचे रहिवासी आणि रसायनांतला जिवाणूंचा डीएनए यांतच ते अडकून बसतं.

प्रत्येक रनमध्ये माणसाचं एखादं जनुक, उदाहरणार्थ आरनेज पी, तपासा. तेच उमटलं नाही तर जिवाणूचा निगेटिव्ह निकाल वाचायचाच नाही, तो नमुना ‘तपासणीयोग्य नाही’. रक्त आणि मेलॅनिन पीसीआरला अडवतात, तेव्हा डीएनए दसपट पातळ करून पुन्हा चालवा. कोऱ्या मेणाच्या ट्यूबमध्ये काही उमटलं तर पूर्ण रन रद्द. रुग्णाचा निकाल कितीही पटणारा असला तरी रद्द.

पॉझिटिव्ह आला की सिक्वेन्सिंग करून खात्री करा. फॉर्मेलिनमुळे डीएनएत ‘सी’च्या जागी ‘टी’ वाचला जातो. रिकेट्सियाच्या जवळच्या प्रजातींत फरक मोजक्या बेसचाच असतो. एका बेसच्या जोरावर प्रजातीचं नाव लिहू नका. दुसऱ्या गुंडाळ्यांतून नव्याने डीएनए काढून तोच बेस पुन्हा दिसला, तरच लिहा. नाही तर ‘स्पॉटेड फीव्हर गटातील रिकेट्सिया’ एवढं पुरे. उपचार तोच राहतो.

रिपोर्ट लिहिताना

निगेटिव्ह रिपोर्टची भाषा जपून वापरा. ‘रिकेट्सिया संसर्ग नाही’ हे वाक्य ब्लॉकवरून कुणालाच लिहिता येत नाही. असं काहीसं लिहा: ‘या ब्लॉकमधील ऊतकात स्पॉटेड फीव्हर गटातील रिकेट्सियाचा आणि ओरिएन्शियाचा डीएनए आढळला नाही. अंतर्गत कंट्रोल समाधानकारक. बायोप्सीपूर्वी डॉक्सिसायक्लिनचे दोन दिवस झालेले आहेत. या निकालावरून संसर्ग नाकारता येत नाही. उपचार थांबवू नयेत.’ शेवटचं वाक्य मी कधीही गाळू देत नाही. रिपोर्ट रात्री ड्यूटीवरच्या एकट्या ज्युनियर डॉक्टरच्या हातात पडतो, आणि निगेटिव्ह शब्द बघून औषध बंद होऊ शकतं.

रुग्ण हयात असेल तर पहिल्या आठवड्यातला सीरमचा नमुना राखून ठेवायला आणि दोन ते चार आठवड्यांनी दुसरा घ्यायला सांगा. दोन्ही एकत्र इम्युनोफ्लुरोसन्सला, म्हणजे अँटिबॉडी मोजणाऱ्या तपासणीला, लावून अँटिबॉडीत चौपट वाढ दिसली तर निदान पक्कं होतं, ब्लॉक काहीही म्हणो. वाइल-फेलिक्स ही जुनी रक्ततपासणी सगळीकडे मिळते आणि स्वस्त आहे, पण तिच्यात खरे रुग्ण सुटतात आणि खोटेही सापडतात. तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

पॉझिटिव्ह निकाल कागदावर पाठवण्याआधी फोनवर सांगा, आणि रुग्णालयाच्या ठरलेल्या वाटेने महापालिकेच्या आरोग्य विभागालाही कळवा, म्हणजे त्या घरात आणि शेजारी तापलेलं आणखी कुणी आहे का हे बघायला कुणीतरी जाईल. उरलेला ब्लॉक नव्या मेणाचा पातळ थर देऊन बंद करा, नोंदवहीत ‘पीसीआरसाठी कापला’ अशी तारखेसह नोंद करा, आणि मूळ लॅबला परत करताना किती ऊतक शिल्लक आहे ते लिहून द्या.